पेसमेकर अजून किती वर्षं चालेल? प्रिंटआउट हातात घेऊन मांडायचा हिशोब

पेसमेकर बसवलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हमखास हाच असतो: "किती वर्षं टिकेल?" उत्तर मिळतं ते बहुधा माहितीपत्रकातलं: "दहा-बारा वर्षं." पण तो आकडा कंपनीने धरलेल्या एका ठरावीक माणसाचा असतो. ठरावीक ठोके, ठरावीक व्होल्टेज, ठरावीक टक्के पेसिंग (म्हणजे यंत्राने दिलेले ठोके). तुमच्या आईचा किंवा वडिलांचा आकडा त्याहून चार वर्षं कमी निघू शकतो, तीन वर्षं जास्तही निघू शकतो. आणि तो कोणाला विचारायची गरज नसते, दर तपासणीनंतर हातात पडणाऱ्या कागदावरून काढता येतो.

मी पेसमेकर क्लिनिकमध्ये प्रोग्रामरवर, म्हणजे पेसमेकरमधली माहिती वाचणाऱ्या आणि त्याची सेटिंग बदलणाऱ्या यंत्रावर बसतो. दिवसभर हेच कागद छापतो आणि बहुतेक कागद घडी घालून फाइलमध्ये जाताना बघतो. कधी पिशवीत, कधी थेट औषधांच्या डब्यात. म्हणून हा लेख. त्यात एका काकूंचे आकडे मी सोबत घेतले आहेत, कारण त्यांच्या मुलाने पहिल्या दिवसापासून वही ठेवली होती. काकूंना पूर्ण हार्ट ब्लॉक आहे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यातला विजेचा संदेश खालच्या कप्प्यात पोचतच नाही. जून २०१८ मध्ये दोन वायरींचा पेसमेकर बसला, एक वायर वरच्या कप्प्यात आणि एक खालच्या.

आधी टाकी किती मोठी आहे ते बघा

पेसमेकरची बॅटरी अँपिअर-तासात मोजतात. नेहमीच्या पेसमेकरमध्ये ती साधारण एक अँपिअर-तासाच्या आसपास असते. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा कंपनीच्या डॉक्टरांसाठीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. क्लिनिकमध्ये मॉडेल नंबर सांगून विचारलंत तर तो काढून देता येतो. विचारताना "वापरण्याजोगी क्षमता" असं विचारा, कारण बॅटरीचा शेवटचा थोडा भाग मशीन बदलण्याच्या इशाऱ्यानंतरच्या काही महिन्यांसाठी राखलेला असतो. तो आपल्या हिशोबात धरायचा नाही.

आता एक सोयीचं रूपांतर. वर्षात ८,७६० तास असतात. एक अँपिअर-तासाची बॅटरी एक मायक्रोअँपिअर प्रवाह देत राहिली तर ती ११४ वर्षं पुरेल. म्हणजे टाकीत ११४ "मायक्रोअँपिअर-वर्षं" आहेत. सरासरी खर्च १० मायक्रोअँपिअर असेल तर ११.४ वर्षं, २० असेल तर ५.७. सगळा हिशोब या एका भागाकारावर उभा आहे. कठीण भाग भागाकाराचा नाही, खर्च नीट ओळखण्याचा आहे.

इथे या हिशोबाला अर्थ का आहे तेही सांगतो. शरीराच्या आत बसवलेला जगातला पहिला पेसमेकर ऑक्टोबर १९५८ मध्ये स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का रुग्णालयात अर्ने लार्सन यांना बसवला, तेव्हा ते यंत्र काही तासांतच बंद पडलं. लार्सन यांनी पुढे आयुष्यभरात सव्वीस पेसमेकर वापरले आणि २००१ मध्ये ८६ व्या वर्षी ते गेले. सुरुवातीच्या पाऱ्याच्या बॅटऱ्या जेमतेम दोन वर्षं चालायच्या आणि कधी दगा देतील याचा भरवसा नसायचा. १९७२ पासून लिथियम-आयोडिनची बॅटरी वापरात आली आणि बॅटरी हळूहळू, आधी सूचना देत उतरू लागली. अंदाज बांधता येतो तो त्यामुळे.

खर्चाच्या दोन बाजू

पेसमेकर दोन ठिकाणी वीज खर्च करतो. एक घरखर्च: आतली चिप चालवणं, हृदयाचं ऐकत राहणं, नोंदी ठेवणं. हृदय स्वतः व्यवस्थित चालत असलं तरी हा खर्च चोवीस तास असतो. दुसरा, प्रत्यक्ष ठोका देण्याचा खर्च.

घरखर्चाचा आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. उदाहरणासाठी मी ६ मायक्रोअँपिअर धरतो. लक्षात घ्या, एकही ठोका द्यावा लागला नाही तरी या दराने यंत्र १९ वर्षांत संपणारच. "आमच्या बाबांना पेसिंग फक्त दोन टक्के आहे, मग बॅटरी का उतरते?" याचं उत्तर हेच.

ठोक्याच्या खर्चासाठी प्रिंटआउटवरचे पाच आकडे लागतात. आउटपुट (ठोक्याचा जोर) किती व्होल्ट, पल्सची (ठोक्याच्या विजेच्या झटक्याची) रुंदी किती मिलिसेकंद, वायरचा इम्पीडन्स (रोध) किती ओहम, सरासरी ठोके मिनिटाला किती आणि त्यातले किती टक्के मशीनने दिले. प्रत्येक वायरीसाठी हे वेगळे लिहून घ्या. टक्केवारी "हिस्टोग्राम" किंवा "काउंटर्स" या पानावर असते, बाकीचे "पॅरामीटर्स" आणि "लीड" या पानांवर.

व्होल्टला ओहमने भागलं की प्रवाह येतो. त्याला पल्सच्या रुंदीने गुणलं की एका ठोक्याचा विद्युतभार. तो दर सेकंदाच्या ठोक्यांनी आणि टक्केवारीने गुणला की सरासरी प्रवाह हाती येतो.

काकूंचा पहिला महिना बघू. दोन्ही वायरींवर ३.५ व्होल्ट, ०.४ मिलिसेकंद, ५०० ओहम. ठोके सरासरी ६८. खालच्या कप्प्यात पेसिंग ९८ टक्के, वरच्या कप्प्यात ३० टक्के.

३.५ भागिले ५०० म्हणजे ७ मिलिअँपिअर. गुणिले ०.४ म्हणजे २.८ मायक्रोकुलंब. इथे एक महत्त्वाची गोष्ट येते. या बॅटरीचं व्होल्टेज सुमारे २.८ असतं. त्याहून जास्त व्होल्टचा ठोका द्यायचा तर यंत्राला आतल्या आत व्होल्टेज चढवावं लागतं, आणि ढोबळमानाने बॅटरीतून दुप्पट भार निघतो. म्हणून २.८ चे ५.६ होतात. मिनिटाला ६८ ठोके म्हणजे सेकंदाला १.१३. खालचा कप्पा: ५.६ × १.१३ × ०.९८, म्हणजे सुमारे ६.२ मायक्रोअँपिअर. वरचा कप्पा: ५.६ × १.१३ × ०.३०, म्हणजे १.९. घरखर्च ६. बेरीज १४.१.

११४ भागिले १४.१ म्हणजे आठ वर्षं.

मुलाने वहीत "८" लिहिलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याच्या डोक्यात "बारा वर्षं" होती. मी त्याला म्हटलं, "हा आकडा खोडायचा नाही. पण तीन महिने थांबा."

तीन महिन्यांनी हिशोब पुन्हा का मांडायचा

वायरीचं टोक हृदयाच्या आतल्या भिंतीत रुततं तेव्हा तिथे थोडी सूज येते. त्या आठवड्यांत हृदयाला ठोका लागू होण्यासाठी लागणारं किमान व्होल्टेज, म्हणजे थ्रेशोल्ड, वर जाऊ शकतं. त्यामुळे सुरुवातीला आउटपुट मुद्दाम चढं ठेवतात आणि तसंच ठेवायला हवं. सहा ते बारा आठवड्यांत जागा भरून येते, थ्रेशोल्ड स्थिरावतो, तेव्हा आउटपुट खाली आणता येतं. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली भेट अजिबात चुकवू नका. पुढच्या कितीतरी वर्षांचा खर्च त्या एका भेटीत ठरतो.

सप्टेंबर २०१८ मध्ये काकूंचा खालच्या कप्प्याचा थ्रेशोल्ड ०.७५ व्होल्ट निघाला. सुरक्षिततेसाठी थ्रेशोल्डच्या किमान दुप्पट व्होल्टेज ठेवायची पद्धत आहे. त्या हिशोबाने १.५ सुद्धा चाललं असतं. पण काकूंचं हृदय पूर्णपणे यंत्रावर अवलंबून आहे. डॉक्टरांनी खालच्या कप्प्याला २.५ व्होल्ट ठेवले, वरच्याला २.०.

पुन्हा मांडू. खालचा: २.५ भागिले ५०० म्हणजे ५ मिलिअँपिअर, गुणिले ०.४ म्हणजे २ मायक्रोकुलंब. २.८ च्या खाली असल्यामुळे दुप्पट नाही. २ × १.१३ × ०.९८ म्हणजे २.२. वरचा: १.६ × १.१३ × ०.३० म्हणजे ०.५. घरखर्च ६. बेरीज ८.८ च्या जवळपास.

टाकीतले ११४ पूर्ण उरलेले नाहीत. तीन महिने १४.१ च्या दराने गेले, म्हणजे ३.५ खर्च झाले. उरले ११०.५. भागिले ८.८ म्हणजे साडेबारा वर्षं. आठचे साडेबारा झाले, आणि काकूंच्या सुरक्षिततेत काहीही कमी झालं नाही.

हा भाग मला नेहमी थांबून समजावावासा वाटतो. दोन्ही वायरी ३.५ वरून २.५ आणि २.० वर आल्याने सुमारे साडेचार वर्षं वाढली. मग खालचा कप्पा २.५ वरून २.० वर आणला तर किती वाढतील? मांडून बघा: जेमतेम सात-आठ महिने. मोठी उडी बॅटरीच्या स्वतःच्या व्होल्टेजच्या खाली उतरताना मिळते, त्यानंतर हाती येणारी बचत अगदी थोडी. यंत्रावर पूर्ण अवलंबून असलेल्या माणसाची सुरक्षा कातरून हे सात महिने मिळवू नयेत. कोणी "अजून कमी करा, बॅटरी वाचेल" म्हणालं तर मी हाच हिशोब त्यांच्यापुढे ठेवतो. (नव्या यंत्रांत व्होल्टेज दीडपट, दुप्पट अशा पायऱ्यांनी चढवतात, त्यामुळे खर्च थोडा वेगळा येतो. पण उतार तसाच असतो.)

एक आकडा नको, पल्ला लिहा

साडेबारा हा मधला अंदाज झाला. वहीत त्याच्या दोन्ही बाजू लिहा. वाईट बाजूसाठी घरखर्च ७ धरा, खालचं पेसिंग १०० टक्के, वरचं ६० टक्के, कारण वय वाढतं तसा वरचा कप्पाही मंदावू शकतो. क्षमता दहा टक्के कमी धरा. काकूंसाठी सुमारे साडेनऊ वर्षं येतात. चांगल्या बाजूसाठी वरचं पेसिंग १० टक्के आणि खालचं आउटपुट २.० धरलं तर चौदाच्या जवळ.

"साडेनऊ ते चौदा, बहुधा साडेबारा." हे असं लिहिणं प्रामाणिक आहे. प्रोग्रामरचा पडदाही नीट बघितलात तर किमान आणि कमाल दाखवतो, पण आपण मधलाच आकडा उचलतो आणि घरी जाऊन सांगतो. पहिल्या काही वर्षांत तो पल्ला रुंद असतो, कारण बॅटरीचं व्होल्टेज बराच काळ सपाट राहतं आणि यंत्रालाही फारसं काही कळत नाही. लिथियम-आयोडिनच्या यंत्रांत व्होल्टेजपेक्षा बॅटरीच्या आतल्या रोधाकडे बघा. नवीन असताना तो एक हजार ओहमच्या आत असतो, पुढे चढत जातो आणि शेवटाकडे झपाट्याने चढतो.

कंपन्या आपल्या प्रत्येक मॉडेलचे टिकण्याचे वक्र वेळोवेळी जाहीर करतात. तुमचा पल्ला त्यांच्याशी ताडून बघा. मात्र क्लिनिकमध्ये "बदललेल्या" यंत्रांचं सरासरी वय काढून त्यावर अंदाज बांधू नका. बदलायला येतात ती लवकर संपलेली. बाराव्या वर्षीही चालू असलेली यंत्रं त्या सरासरीत येतच नाहीत.

दरवर्षी ताडून बघणं

इथून पुढे काम सोपं आहे, पण सोडून चालत नाही. स्थिर पेसमेकरची तपासणी तीन ते बारा महिन्यांनी करायची असते. बॅटरी उतरल्याची चिन्हं दिसू लागली की दर एक ते तीन महिन्यांनी. प्रत्येक भेटीत वहीत एक ओळ: तारीख, दोन्ही आउटपुट, दोन्ही थ्रेशोल्ड, दोन्ही इम्पीडन्स, दोन्ही टक्केवारी, बॅटरीचं व्होल्टेज, यंत्राने सांगितलेली उरलेली वर्षं. शेजारी आपण काढलेली वर्षं.

दोन्ही आकडे जवळपास असतील तर निश्चिंत राहा. एका वर्षात एकच वर्ष कमी झालं तर सगळं ठीक. एका वर्षात तीन वर्षं कमी झाली तर कारण शोधायलाच हवं.

काकूंच्या बाबतीत नेमकं तेच झालं. मधल्या एका वर्षाची भेट हुकली. जून २०२३ मध्ये आल्या तेव्हा यंत्र म्हणत होतं, चार वर्षं बाकी. वहीप्रमाणे साडेसात-आठ असायला हवी होती. मुलाने वही माझ्यापुढे सरकवली आणि खालच्या कप्प्याच्या ओळीवर बोट ठेवलं. आउटपुट: ५.० व्होल्ट.

झालं असं होतं. यंत्र रोज रात्री आपोआप थ्रेशोल्ड मोजतं. काही कारणाने ती चाचणी यशस्वी होत नव्हती. आपल्याला थ्रेशोल्ड माहीत नाही म्हटल्यावर यंत्राने सुरक्षेसाठी आउटपुट पाचवर नेऊन ठेवलं. आलेखावरून दिसत होतं, आठ महिने ते तिथेच होतं. ५ व्होल्टला खालच्या कप्प्याचा खर्च: १० मिलिअँपिअर, ४ मायक्रोकुलंब, दुप्पट म्हणजे ८, म्हणून ८.९ मायक्रोअँपिअर. एकूण साडेपंधरा. आम्ही हाताने थ्रेशोल्ड मोजला: ०.७५, पूर्वीइतकाच. वायर ठणठणीत होती. डॉक्टरांनी आपोआप बदलणं बंद करून फक्त नोंद ठेवायला लावलं आणि आउटपुट पुन्हा २.५ वर आणलं.

नुकसान किती? आठ महिने सरासरी प्रवाह ६.७ मायक्रोअँपिअर जादा. म्हणजे साडेचार मायक्रोअँपिअर-वर्षं, म्हणजे आत्ताच्या दराने सहा महिन्यांचं आयुष्य. टाकीत ६४ उरले होते, भागिले ८.८ म्हणजे सात वर्षं आणि थोडे महिने. हेच पाच व्होल्ट शेवटपर्यंत राहिले असते तर चार वर्षांत शस्त्रक्रिया. त्या दिवशी एका वहीने तीन वर्षं परत मिळवली.

अशी घसरण दिसली की आणखी काही ठिकाणी बघायचं असतं. इम्पीडन्स एकदम खाली, दोनशे-अडीचशे ओहमच्या आत गेला तर वायरीचं आवरण फाटलेलं असू शकतं, आणि रोध कमी म्हणजे प्रत्येक ठोक्याला जास्त वीज. दोन हजारांच्या वर गेला तर वायर आतून तुटल्याची शंका घ्यायची. हा प्रश्न मग आयुष्याचा राहत नाही, त्याच दिवशी डॉक्टरांपुढे जायचा होतो. वरच्या कप्प्यात कायमचं फिब्रिलेशन (ठोक्यांऐवजी नुसती अनियमित थरथर) असेल तर त्या वायरीला ठोके देण्यात अर्थ उरत नाही, डॉक्टर ती बाजू बंद करू शकतात. ब्लॉक नसून फक्त वरचा कप्पा मंद असेल तर खालचं अनावश्यक पेसिंग टाळणारी सोय बहुतेक यंत्रांत असते. तिने बॅटरी वाचते, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उजव्या खालच्या कप्प्याच्या नको तितक्या पेसिंगमुळे हृदय कमजोर होण्याचा धोका टळतो.

मॉडेलबद्दल कंपनीची सुरक्षा-सूचना निघाली आहे का, हेही विचारा. २०२१ मध्ये ॲबट कंपनीच्या अ‍ॅश्युरिटी आणि एंड्युरिटी या पेसमेकरपैकी काही परत बोलावले गेले, कारण आत दमट हवा शिरून बॅटरी लवकर संपत होती. अशा वेळी आपला सगळा हिशोब बाजूला ठेवून सूचनेप्रमाणे वागायचं.

तीन वायरींचा पेसमेकर असेल तर पल्ला आखूडच धरा. डाव्या बाजूच्या वायरीचा थ्रेशोल्ड बऱ्याचदा जास्त असतो आणि पेसिंग जवळपास शंभर टक्के ठेवायचं असतं. उलट मायक्रा नावाच्या बिनवायरीच्या पेसमेकरच्या पहिल्या मॉडेलची बॅटरी जेमतेम १२० मिलिअँपिअर-तासांची, तरी कंपनीने बारा वर्षांचा अंदाज दिला होता, कारण त्याचा घरखर्च आणि ठोक्याचा खर्च दोन्ही फार कमी आहेत. टाकीच्या आकारावरून घाबरू नका किंवा निर्धास्तही होऊ नका, भागाकार करा.

शेवट ओळखणं

बदलण्याचा इशारा आणि बॅटरी संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इशारा आल्यानंतर सामान्यतः किमान तीन महिने यंत्र काम करतं. तेवढ्यात शांतपणे तारीख घ्यायची असते. बदलायची ती नुसती बॅटरी नसते, सगळी डबीच बदलतात. जुन्या वायरी चांगल्या असतील तर त्याच नव्या डबीला जोडतात.

क्लिनिकमध्ये यंत्रावर चुंबक ठेवला की ते ठरावीक वेगाने ठोके देतं आणि तो वेग बॅटरीची स्थिती सांगतो. मेडट्रॉनिकचं यंत्र चांगल्या बॅटरीवर ८५ आणि इशाऱ्याच्या वेळी ६५. बॉस्टन सायंटिफिक १०० वरून, एक वर्षाच्या आसपास उरलं की ९० आणि शेवटी ८५. ॲबट १०० च्या जवळून ८५ च्या जवळ. बायोट्रॉनिक ९० वरून ८०. मॉडेलप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून मॅन्युअल बघूनच अर्थ लावायचा. हे घरी करू नका. चुंबकाखाली यंत्र हृदयाचं ऐकणं बंद करून स्वतःच्या तालावर ठोके देत सुटतं.

घरी मात्र नाडी मोजता येते. काही यंत्रं इशाऱ्यानंतर वीज वाचवायला साध्या पद्धतीवर जातात: फक्त खालचा कप्पा, मिनिटाला ६५. दोन्ही कप्प्यांचा ताळमेळ सुटतो आणि माणसाला थकवा येतो, जिने चढताना दम लागतो, मानेत धडधड जाणवते. एक आजोबा महिनाभर "वय झालं आता" म्हणत बसले होते. नाडी बघितली तर बसून ६५, चालून आल्यावर ६५, जिना चढून ६५. दोन दिवसांत यंत्र बदललं आणि आठवड्याने ते बाजारात पिशवी घेऊन दिसले.

उलट प्रकारही होतो. शस्त्रक्रियेत विजेची सुरी वापरल्यानंतर किंवा रेडिओथेरपीनंतर यंत्र कधी कधी खोटाच इशारा देतं किंवा रीसेट होतं. अचानक इशारा आला आणि नुकतंच असं काही झालं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. आधी बॅटरी पुन्हा तपासली पाहिजे.

आणि लवकर, "सोबत उरकून टाकू" म्हणून बदलणं टाळा. अमेरिकेतल्या रिप्लेस नावाच्या अभ्यासात, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, नुसती डबी बदलताना मोठी गुंतागुंत सुमारे चार टक्के रुग्णांत झाली. वायर वाढवायची किंवा बदलायची योजना होती तिथे पंधरा टक्क्यांहून जास्त. डबी ठेवलेला त्वचेखालचा खिसा पुन्हा उघडणं म्हणजे जंतुसंसर्गाला पुन्हा दार उघडणं. म्हणूनच आयुष्याचा नेमका अंदाज लागतो: पंचाऐंशी वर्षांच्या माणसाला या वर्षी टेबलावर घ्यायचं की अजून दीड वर्ष निर्धास्त राहू द्यायचं, ते यावर ठरतं.

तारीख ठरवताना पल्ल्याच्या वाईट बाजूवर नजर ठेवा. मोठा प्रवास, घरातलं लग्न, मोतिबिंदूचं ऑपरेशन, सगळं वहीतल्या त्या आकड्याच्या अलीकडे आखा. काकूंच्या वहीत २०२३ नंतरच्या प्रत्येक भेटीला खालचं आउटपुट २.५ च आहे, आणि प्रत्येक ओळीत बाकीची वर्षं त्या वर्षाइतकीच कमी झाली आहेत. पहिल्या पानावरचं "८" अजून तिथेच आहे, खोडलेलं नाही. त्याच्या समोर मुलाने लिहून ठेवलंय: "२०३०, बहुधा शेवटचे महिने. २०२९ पासून दर तीन महिन्यांनी."